धुण्याचं पहिलं पाणी

पैज लागली ती लिंबाच्या झाडावरून. नाताळ होऊन गेला होता, दारावरचा तारा अजून काढला नव्हता, आणि मी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी उभा राहून दात घासत होतो. पलीकडून शेजारचा जीवन म्हणाला, "बस्त्याव, तुजा लिंबाचा झार मेला रं." जीवनचे पोर्टावर ट्रेलर चालतात, त्यामुळे तो साधं बोलला तरी हॉर्न दिल्यासारखं बोलतो, आणि हे सगळ्या आळीनं ऐकलं. झाड माझ्या घराच्या कडेला, कपडे धुवायच्या धोंड्याशेजारी. उरणच्या ह्या टोकाला लिंबू विकत आणायची पद्धतच नव्हती, ज्याला लागेल त्याने गडग्यावरून हात घालायचा. आणि त्या दिवशी त्याला पानं मोजकीच, तीही पिवळी. मी तोंडातला फेस थुंकलो आणि म्हटलं, "मेला नाय, झोपलाय. क्रूसाच्या सणापर्यंत ह्याला फूल येणार. लाव पैज." आमच्या आळीच्या तोंडाशी, माझ्या घरासमोरच्या विहिरीला लागून, एक जुना दगडी क्रूस आहे. मे महिन्यात त्याचा सण असतो. "हारलास त?" जीवननं विचारलं. "हारलो तर सणाच्या दिवशी विहिरीवर बसून आख्ख्या आळीचे कपडे धुवीन. बायकोचा गाऊन घालून. तू हारलास तर तू, वहिनीचा गाऊन घालून." खिडकीतून कोकिळावहिनी, म्हणजे जीवनची बायको, ओरडली, "चादरी पन?" "चादरी पण, वहिनी. जीवनची बनियन पण, नाकाला चिमटा लावून." ओट्यावर बसलेला जीवनचा काका कोंडाजी, जन्म मिठागरात गेलेला म्हातारा, आपणहून पंच झाला. "फूल झाराचा पायजे. दोऱ्यानं बांधलेला चालाचा नाय. आमी तुना वलखतो." सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो. आणि हसून झाल्यावर माझा कान आतल्या बाजूला लागला.

म्हणजे झालं असं, की माझ्या असल्या प्रत्येक तमाशानंतर आत नळ बंद व्हायचा आणि लुद्विनचा आवाज यायचा, "झालं का रे तुझं नाटक?" मग मी म्हणायचो, "इंटरवल." लग्न झाल्यापासून हे असंच. माझ्या कानाला ते माहीत होतं, मला माहीत नव्हतं. कान थांबला. नळ बंद झाला नाही, कारण नळ चालूच नव्हता. पेस्टचं पाणी घशात उतरलं आणि जळजळत राहिलं. जीवन अजून काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ दिसत होते, त्याच्या मागे लांब गॅसच्या प्लांटची ज्योत दिवसाढवळ्या जळत होती. मी गडगा धरला. वर म्हटलं, "काय बघतोस? नेम धरतोय, तुझ्या अंगावर चूळ टाकायचा." परत सगळे हसले.

लुद्विन पाऊस सरता सरता गेली. ताप आला, उतरला, परत आला, पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथून परत आणलं ते पेटीतून. पेटी उचलताना खांदेकऱ्यांत एक ठेंगू होता आणि एक ताडमाड, पेटी तिरकी झाली, तेव्हा मी म्हटलं, "सरळ धरा रे, हिला बोट लागते. मांडव्याहून लाँचला बसली तरी ओकायची." दोघं तिघं हसले आणि मग लाजले. लोक म्हणाले बस्त्याव खंबीर आहे. खंबीर कसला. पंख्याचा जसा काही वेळा रेग्युलेटर जळतो आणि मग पंखा एकाच स्पीडवर फिरतो, तशी गत. मी पंखे, मिक्सर, टेबलफॅन दुरुस्त करतो, मला हे लगेच कळतं, दुसऱ्याच्या मशीनमधलं. माझ्या तोंडाला एकच स्पीड आहे. पोरगा असताना आई रडायची तेव्हा मी माकडासारखा उड्या मारायचो, ती रडता रडता हसायची, मला वाटलं एवढंच करायचं असतं.

कोंडाजीनं दोऱ्याचं बोलणं काढलं ते उगाच नाही. जीवनच्या दारात बदामाचं झाड आहे. एका वर्षी मी बाजारातनं प्लास्टिकची संत्री आणली आणि पहाटे त्या बदामाला बांधली. जीवनची आई तेव्हा होती. ती उठून अंगणात आली, संत्री बघितली, आत गेली, उदबत्ती घेऊन आली. मी आणि लुद्विन आमच्या खिडकीच्या खाली जमिनीवर बसलो होतो. लुद्विननं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, डोळ्यांतून पाणी चाललेलं, एका हातानं माझ्या पाठीत गुद्दे घालत होती. "जा, काढून ये, पाप लागेल, म्हातारी हात जोडतेय." आणि मी उठलो की परत खाली ओढायची, "थांब, थांब, अजून जरा बघू दे." लोकांना वाटायचं ती सोसते मला. लोकांना काय माहीत. संत्री बांधायला दोरा तिनं ओवून दिला होता.

ती चर्चचे कपडे धुवायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं, म्हणजे आपल्याकडे विजेचा मीटर असतो हे जसं माहीत असतं तसं. शनिवारी संध्याकाळी ती कांजी करायची, घरभर भाताच्या पेजेचा वास. मग इस्त्री. वेदीवरची मोठी चादर, फादरचा झगा, आणि रुमालाएवढी पांढरी फडकी, कोपऱ्यात लाल दोऱ्याचा बारीक क्रूस. मिस्सा झाल्यावर फादर द्राक्षारसाचा प्याला पुसतो ती ही फडकी. ती फडकी ती वेगळी काढायची, तीन पदरी घडी घालायची, आणि त्या वेळी बोलायची नाही. मी तिला चर्चची धोबीण म्हणायचो. वर्षाच्या सणाला फादर माइकवरून सगळ्यांचे आभार मानायचा: गाणारे, मांडववाले, फुलं आणणारे, जनरेटरवाला. एका वर्षी माइकची वायर जोडून दिली म्हणून माझंसुद्धा नाव आलं. मी तिला कोपर मारलं, "बघ, मी चर्चचा खांब झालो. तुझं नाव कुठाय?" ती म्हणाली, "गप. चणे संपतील, रांगेत जा."

आणि झाड. ते झाड इतकं लागायचं की त्याला बघून लोक चिडायचे. जीवननं खत घालून घालून एक लिंबू लावलं होतं आपल्या मागल्या दारी, त्याला फक्त काटे आले. आमचं मात्र बारा महिने फुललेलं, सकाळी दार उघडलं की वास. मी तिला विचारायचो, "काय घालतेस गं झाडाला?" ती धोंड्यापाशी उकिडवी बसलेली असायची, रविवारी दुपारी, हातात इनॅमलचं पांढरं तसराळं. ते तसराळं वेगळं, खिळ्याला टांगलेलं, त्याला कोणी हात लावायचा नाही. ती वर न बघता म्हणायची, "वाईन पाजते." बस्स, एवढंच मला पाहिजे असायचं. मी आळीभर केलं. माझी बायको लिंबाला दारू पाजते, मला एक पेग देत नाही. कोंडाजी लिंबाचं सरबत पिऊन मुद्दाम झोकांड्या खायचा. कोकिळावहिनी लिंबू न्यायला आली की विचारायची, "वैनी, आजचा किती डिग्रीचा हाय?" लुद्विन सगळ्यांबरोबर हसायची. मग तसराळं परत खिळ्याला.

एकदा मी त्या तसराळ्यात बांगडे धुतले. दुसरं भांडं हाताला लागेना. ती आली, बघितलं. ओरडली नाही. मला वाटलं आता झाडू येणार, मी पळायच्या तयारीत. ती म्हणाली, "बरं झालं. माशांना एक पाहिजेच होतं." आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तसंच दुसरं तसराळं घेऊन आली आणि त्याच खिळ्याला टांगलं. जुनं तसराळं अजून माशांचं आहे. मी तेव्हा विचारलं नाही. जिथे ओरडायला पाहिजे तिथे माणूस ओरडत नाही, म्हणजे तिथे काहीतरी असतं, हे मला मिक्सरच्या बाबतीत कळतं: आवाज गेला की मोटर बघायची. तिच्या बाबतीत मी म्हटलं, वाचलो.

पैज लागल्यावर मी झाडाच्या मागे लागलो. आधी पाणी, बादल्या बादल्या. मग शेणखत. मग माशांची डोकी, त्यावर आळीतली मांजरं गोळा झाली. पानं गळतच होती. सकाळी उठलो की आधी झाडाकडे जायचो, लुंगी सावरत. जीवन पलीकडून विचारायचा, "उठला का रं तुजा पेशंट?" मी म्हणायचो, "सलाइन चालू आहे." आणि आत आलो की खिडकीतून परत झाडाकडे बघत बसायचो. पैजेचं मला काय. गाऊन घालून कपडे धुवायला मी पैज न लावतासुद्धा बसलो असतो, लोक हसणार असतील तर. पण त्या झाडात ती होती. घरात तिचे कपडे होते, फोटो होता, फणीत केस होते, पण ते सगळं थांबलेलं. झाड एकटं असं होतं की ज्याला तिच्या हातचं काहीतरी मिळत होतं आणि ते पुढे वाढत होतं. ते गेलं असतं तर ती आणखी एकदा गेली असती, आणि ह्या वेळी माझ्या हातून.

मग एका दुपारी मला ते वाक्य आठवलं. वाईन पाजते. मी उंबऱ्यावर बसलो होतो, हातात कोणाच्या तरी पंख्याचं पातं, आणि डोक्यात असं आलं की सालं, खरंच पाजत असेल तर? बायकांच्या असतात युक्त्या. कोणी ताक घालतं, कोणी तांदळाचं पाणी. तिची जांभळाची वाईन खाटेखाली होती, जूनमध्ये घातलेली, शेवटची. नाताळला मी ती उघडली नव्हती, कोणाबरोबर उघडणार. मी एक बाटली काढली. बूच निघाल्याबरोबर वास आला, तिच्या हातांचा, जून महिन्यात तिची बोटं जांभळी असायची आणि ती चर्चची पांढरी फडकी धुवायच्या आधी लिंबानं घासून घासून साफ करायची. मी झाडाच्या बुडात ओतली. दुसऱ्या दिवशी दुसरी. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस लागेपर्यंत सगळ्या बाटल्या संपल्या. मी एक घोटसुद्धा घेतला नाही, हे कोणाला सांगितलं तर हसून मरतील. जमिनीतून आंबूस वास यायला लागला, मुंगळ्यांची रांग लागली, उरलीसुरली पानं काळी होऊन पडली. मग फक्त काटे.

ईस्टरला आठवडा असतो त्या झावळ्यांच्या रविवारच्या आधी रेमेदीन आली. पलीकडच्या आळीतली विधवा, माझ्यापेक्षा मोठी, गुडघ्यांनी अधू, कोणाशी फार न बोलणारी. लुद्विन आजारी पडल्यापासून चर्चचे कपडे तीच धुते. दारात उभी राहून म्हणाली, "बस्त्याव, लुद्विनचं तसराळं पडून असेल तर दे. माझ्याला भोक पडलं." मी म्हटलं, "माशांचं देऊ की देवाचं?" गंमत म्हणून म्हटलं. ती म्हणाली, "देवाचं," आणि तिला त्यात गंमत वाटली नाही. मी खिळ्यावरून काढून दिलं. तिनं ते उलटं करून बघितलं, पदरानं पुसलं आणि मग तिचं लक्ष झाडाकडे गेलं. "अरे देवा. हे काय झालं रे? लुद्विन पहिलं पाणी ह्यालाच घालायची ना?"

"कसलं पहिलं पाणी?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची टर उडवतोय. मग खाली बसली, गुडघे धरून. म्हणाली, प्याला पुसायची फडकी असतात ना, मिस्सेत द्राक्षारसाचं प्रभूचं रक्त होतं, त्याचा थेंब त्यांत असतो, डोळ्याला दिसो न दिसो. ती एकदम साबणात टाकायची नाहीत. आधी नुसत्या पाण्यात भिजवायची, वेगळ्या भांड्यात. आणि ते पहिलं पाणी गटारात जाता कामा नये. मातीत द्यायचं. मोठ्या चर्चमध्ये त्याला वेगळी मोरी असते, सरळ जमिनीत जाते. आपल्याकडे नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्या झाडाला. "मी तगरीला घालते. मला तिनंच शिकवलं, पनवेलला, हाताला सुई लावलेली होती तेव्हा. तू नर्सना कायतरी गोष्ट सांगत होतास बाहेर, आम्हाला आत हसणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, ऐक, माझा नवरा सगळं हॉस्पिटल बरं करणार. आणि मग म्हणाली, पाण्याचं विसरू नको. तुला कधी बोलली नाही?"

"बोलली," मी म्हटलं. "दर रविवारी बोलली. वाईन पाजते म्हणाली."

रेमेदीन हसली. दात नसलेलं, हवेचं हसू. मग तिनं पटकन छातीवर क्रूस केला आणि उठून गेली.

मी धोंड्यावर बसून राहिलो. बाहेरून एक ट्रेलर रिव्हर्स घेत होता, त्याचं ते ट्यां ट्यां चाललेलं, आणि मला आतून हसू यायला लागलं. काय बाई होती. मला, बस्त्यावला, ज्यानं जीवनच्या आईला बदामाची पूजा करायला लावली त्याला, तिनं इतकी वर्षं समोर उभं करून खरं सांगितलं आणि मी ते आळीभर विनोद म्हणून वाटत फिरलो. मी तिचा लाउडस्पीकर होतो. लोक हसून हसून लिंबं घेऊन जात होते आणि त्या हसण्याच्या आड ती उकिडवी बसून आपलं काम करत होती, ओठ हलत असायचे तिचे, मला वाटायचं लिंबं मोजतेय. इतकी साफ फसवणूक कोणी कोणाची केली नसेल. असं कोणी आपल्याला फसवलं की काय करायचं असतं? जाऊन पाठीत थाप मारायची असते, साली जिंकलीस म्हणायचं असतं. मी उठलोसुद्धा. घराकडे दोन पावलं टाकली. आणि मग हसू जिथे होतं तिथेच अडकलं आणि त्याचं दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. मी तोंडात लुंगीचा बोळा कोंबला. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बस्त्याव परत कोणाचीतरी मजा बघतोय लपून.

पुढच्या रविवारी रेमेदीन मिस्सेनंतर गडग्यापाशी थांबली. "ह्या झाडाला आणू का पाणी? माझ्या तगरीला काय, चालेल." तिला पैजेचं कळलं होतं, आळीत सगळ्यांना सगळं कळतं. मी म्हटलं नको. तिनं परत विचारलं. मी म्हटलं, "बाय, पैजेसाठी नको." ती बरं म्हणाली. पण पैजेचं कारण मी तिला दिलं, स्वतःला नाही. मी भीत होतो. समजा ते पाणी घातलं आणि झाड फुललं, तर मी त्या फुलाकडे तोंड वर करून बघणार कसा? आणि समजा घातलं आणि नाही फुललं? इतकी वर्षं ती ज्याच्यासाठी उकिडवी बसली, ते मी जीवनच्या बनियनपुढे पणाला लावायचं? मी पत्त्यांत चोरी करतो, कॅरममध्ये करतो, देवाच्या सोडतीत नारळ बदललाय मी. पण हा एक पत्ता मला उलटा करून बघायचा नव्हता. तो तिचा होता. तसाच पडू दे.

तरी सवय जात नाही. सणाच्या आदल्या दिवशी चिरनेरला एकाचा पंप दुरुस्त करायला गेलो, त्याच्या वाडीत लिंबं फुललेली. मी न विचारता शर्टाचा खिसा भरला. सकाळी उजाडता उजाडता, आळी उठायच्या आधी, सुई घेऊन झाडापाशी गेलो. हिरवा दोरा, कोणाच्या बापाला दिसला नसता. कोंडाजीला तर मोतीबिंदू. एक फूल हातात घेतलं, पांढरं, कडेला जांभळी झाक, वास थेट आमच्या दाराचा. सुईत दोरा जाईना. मी तोंडात घालून ओला केला, पिळला, परत. डोळ्यांना जवळचं दिसत नाही आता, दोरा नेहमी ती ओवायची. मी खिडकीकडे बघितलं. खिडकीखाली जमिनीवर कोणी बसलेलं नव्हतं. मग हे कोणासाठी? मी फुलं धोंड्यावर ठेवली आणि आत जाऊन कपाटातला तिचा गाऊन काढला, निळा, बारीक फुलांचा. डोक्यातून घातला. बाह्यांत हात अडकले. आत तिचा वास होता, कांजीचा, आणि मी तसाच अंधारात उभा राहिलो, डोकं बाहेर न काढता, बराच वेळ.

संध्याकाळी क्रूसाला झेंडूच्या माळा चढल्या, माळेची प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले, आणि मग विहिरीवर जत्रा. जीवननं खुर्च्या मांडल्या. कोंडाजीला झाडापाशी नेऊन फांदीला हात लावून दाखवण्यात आलं, त्यानं निकाल दिला: "सुका. बस्त्याव हारला." टाळ्या. मी निळ्या गाऊनमध्ये, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर साबणाची वडी ठेवून चालत आलो. पोरांनी मोबाइल काढले. कोकिळावहिनीनं सगळ्या घरच्या चादरी आणि शर्ट टाकले, "घास र चांगला, कॉलर काली रायली त परत धुवाची!" मी जीवनची बनियन दोन बोटांत धरून फिरवली, नाक दाबून पडलो, परत उठलो. लोक लोळत होते. हात मात्र आपोआप चाललेले, आपटायचं, पिळायचं, आपटायचं. पाणी कोपरापर्यंत जाऊन गाऊनच्या बाह्या अंगाला चिकटल्या. तिचे हात किती दुखत असतील, हे असं मध्येच डोक्यात आलं, चादर पिळता पिळता.

गर्दीतून रेमेदीन आली, गुडघे धरत. हातात ते पांढरं तसराळं, त्यात पाणी, पाण्यात सकाळच्या मिस्सेची फडकी. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "आळीचे सगळे कपडे म्हणाला होतास. हीपण आळीतलीच." कोणीतरी ओरडलं, "डबल शिफ्ट बस्त्याव!" मी हात खळखळून धुतले, साबण जाईपर्यंत. फडकी पाण्यातच हलकेच चोळली, लाल दोऱ्याचा क्रूस बोटाला लागत होता. एकेक पिळून रेमेदीनच्या हातात दिलं. मग तसराळं उचललं आणि उभा राहिलो. पाणी स्वच्छ दिसत होतं, नुसतं पाणी.

"ओत तिथंच, गटार हकडं हाय!" जीवन म्हणाला.

मी गटार ओलांडलं. गाऊन पायात येत होता, एका हातानं धरला. गडग्याच्या कडेनं आत गेलो, लोक माना वळवून बघायला लागले, त्यांना वाटलं आता काहीतरी भारी निघणार. धोंड्यावर सकाळची फुलं सुकून पडली होती. झाड नुसतं काट्यांचं. मी उकिडवा बसलो, जसं बसायचं असतं तसं, आणि बुडात हळूहळू ओतलं. जमीन चटकन पीत नव्हती, जरा थांबली, मग प्यायली.

गडग्यावरून कोकिळावहिनी वाकली होती. "मेल्या झाराला काय घालतंस र बस्त्याव?"

मी वर बघितलं नाही. म्हटलं, "वाईन पाजतो."

आळी फुटून हसली. कोंडाजी खुर्चीतल्या खुर्चीत झोकांड्या खायला लागला. मीही हसलो, मग सवयीनं जरा थांबलो, कान आतल्या बाजूला लावून. मग तसराळं पालथं करून शेवटचा थेंब झटकला आणि परत विहिरीकडे गेलो. जीवनच्या घरच्या चादरी अजून राहिल्या होत्या.